नळीवाटे बोंबलाचं कालवण

आमच्या दवाखान्यात सगळ्यात जास्त मान सलाईनच्या बाटलीला होता. आजारी पोराला घेऊन आलेला बाप आधी स्टँडकडे बघायचा. बाटली टांगली की त्याचा जीव भांड्यात पडायचा. डॉक्टरांनी नुसतं औषध लिहून घरी जायला सांगितलं, तर दारापर्यंत गेलेला माणूस परत फिरायचा. "एक बाटली लावा ना, ताकद येईल." एक काका तर आपल्या धडधाकट पुतण्याला घेऊन आले होते, दहावीची परीक्षा जवळ आली म्हणून. बाटलीत पाणी, मीठ आणि थोडी साखर असते, म्हणजे लिंबू नसलेलं लिंबूसरबत, हे मी किती जणांना सांगितलं असेल. पण उंचावर टांगलेल्या आणि थेंबथेंब पडणाऱ्या वस्तूबद्दल माणसाला जो आदर वाटतो, तो सरबताबद्दल वाटत नाही.

नाकातल्या नळीची अब्रू मात्र पार गेलेली होती. नाकात नळी म्हणजे संपलं, अशी सगळ्या पंचक्रोशीची समजूत. नळी दिसली की नातेवाईक मुंबईच्या भावाला बोलावून घ्यायचे.

मी पेणची. लग्न होऊन रोह्याजवळ वरसे गावात आले आणि रोह्यातल्याच एका लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले, ती निवृत्त होईपर्यंत तिथेच. ही हकीकत नव्वदच्या दशकातली. तेव्हा आमच्याकडे नवे डॉक्टर येऊन थोडेच दिवस झाले होते. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात शिकून आलेले, हुशार, आणि अंगाने असे की पंख्याखाली उभे राहिले की मला काळजी वाटायची. स्वतः जेवायचं विसरणारा हा माणूस दुसऱ्यांच्या पोरांना जेवू घालण्याबद्दल मात्र विलक्षण हट्टी होता.

तोवर आमची रीत अशी, की मूल गंभीर झालं की त्याचं तोंड बंद. पोटाला विश्रांती द्यायची, सलाईनवर ठेवायचं, शुद्धीवर येऊन मागेल तेव्हा बघू. मीही हेच शिकले होते. काही पोरं दुखण्यातून उठायची, पण इतकी वाळलेली असायची की पुढच्या खोकल्याला परत यायची. नव्या डॉक्टरांचं म्हणणं उलटं होतं. आतडं रिकामं ठेवलं तर तेच आजारी पडतं, म्हणून मूल जरा स्थिर झालं की लगेच नळीने थोडंथोडं दूध सुरू करायचं. मला काही ते पटत नव्हतं, पण नोकरीत प्रत्येक गोष्ट पटायलाच हवी असं कुठे असतं?

भाताला लोंब्या धरल्या होत्या त्या दिवसांत एका सकाळी रेश्मा आली. पाच वर्षांची, बालवाडीत जाणारी. स्कूटरवर पुढे बाप, मागे आजी आणि दोघांच्या मध्ये चादरीत गुंडाळलेली ही. ताप, उलट्या, आणि वाटेत झटका येऊन गेलेला. डॉक्टरांनी तिची मान वाकवून पाहिली, ती लाकडासारखी ताठ होती. मेंदूज्वर. अलिबागला किंवा मुंबईला न्यावी तर तेवढा प्रवास झेपण्यासारखी तिची स्थिती नव्हती. जे काय करायचं ते आमच्या चार भिंतींतच करायचं होतं.

बाप जनार्दन धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. आई दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली, आणि मुलगा होऊन जेमतेम आठवडा झालेला. म्हणून घर सांभाळायला जनार्दनची आई पेणच्या खाडीकडल्या गावातून आली होती. हिराबाई तिचं नाव. जन्म मिठागरात गेलेला. पाय मिठाने पांढरे पडलेले, आवाज बांधावरून बांधावर हाक मारायला तयार झालेला. तिच्या बोलण्यात ळ हे अक्षर नव्हतं आणि भीती नावाची गोष्ट तर अजिबातच नव्हती.

पहिला दिवस झटके थांबवण्यात आणि पाठीतलं पाणी तपासण्यात गेला. दुसऱ्या दिवशी पोरगी बेशुद्धच होती, पण झटके थांबले होते, श्वास नीट चालला होता. डॉक्टरांनी तिचं पोट तपासलं आणि म्हणाले, "सिस्टर, नळीची तयारी करा. आजपासून दूध."

"डॉक्टर, ती शुद्धीवर नाही."

"पोट शुद्धीवर आहे," ते म्हणाले.

नळी हा शब्द ऐकताच हिराबाई खाटेच्या आणि आमच्या मध्ये येऊन उभी राहिली. "नाकानं दूध? नाकात पानी गेलं तर चांगला मानूस खोकून मरतो. तुमी माजे नातीला दूध घालता?"

डॉक्टरांनी कागद घेतला आणि तिला समजावायला पोटाचं चित्र काढलं. तिने ते बराच वेळ निरखलं. "ह्ये वांगं हाय?"

"पोट आहे, आजी."

"मंग ह्यो देठ कसला?"

"ती अन्ननळी. आपली नळी नाकातून जाईल, पण मागे घशातून या देठात उतरेल. श्वासाची वाट वेगळी. नळी पोटातच गेली ना, हे सिस्टर आधी तपासणार, मगच दूध."

ते तपासणं म्हणजे आमच्या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नळी किती आत घालायची ते आधी मुलाच्या अंगावरच मापायचं. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाखाली. आत गेली की सिरिंजने थोडं ओढून पोटातला रस येतो का पाहायचं. मग पोटावर स्टेथोस्कोप ठेवून थोडी हवा सोडायची, आतून गुडगूड ऐकू आली पाहिजे. हिराबाईने ती गुडगूड ऐकायचा हट्ट धरला. मी स्टेथोस्कोप तिच्या कानात दिला. तिने ऐकलं, आणि पहिल्यांदाच खाटेपासून बाजूला झाली.

"पन मना येक सांग," ती डॉक्टरांना म्हणाली. "जिभेला काय लागलं नाय, तर ती जेवली ह्ये तिला कसं कलंल?"

याचं उत्तर हिराबाईने आपलं आपणच शोधलं. मी सिरिंजचं नळकांडं नळीला जोडून दूध ओतू लागले, तशी ती रेश्माच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "बाय, जेव. तांदलाची भाकर हाय. बोंबलाचं कालवण हाय. काटा नाय त्याला, बेशक गिल."

नळीतून आपलं पांढरं दूध जात होतं.

त्या दिवसापासून दर दोन तासांनी दुधाची वेळ झाली की हिराबाई कानाशी वाकायची. दर वेळी जेवण वेगळं. सकाळी खाडीच्या चिखलातल्या निवट्या, दुपारी वालाचं बिरडं, कधी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, घालून वांगं, कधी सुकटीची चटणी आणि पेज. काय काय घालून कसं केलं, आंबटाला काय टाकलं, हेही सांगायची. वॉर्डातले बाकीचे नातेवाईक ऐकायला जमायचे. न्यूमोनियाच्या पोराचा बाप मला हळूच विचारायचा, "सिस्टर, दोनच्या दुधाला काय हाय?" आमचे डॉक्टर जन्माचे शाकाहारी. पण ते राउंड नेमका तेव्हाच काढू लागले आणि आठवड्याभरात त्यांना जिताडा आणि बोय या माशांतला फरक समजला. एकदा ऐकता ऐकता त्यांच्या पोटात मोठ्याने आवाज झाला. हिराबाईने वर पाहिलं. "तुजी गुडगूड मना हितून ऐकू येतंय. आदी तुला नली घालाय पायजे." आणि डब्यातली अर्धी भाकरी तिने त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उभ्यानेच, मुकाट्याने खाल्ली.

जनार्दनचं वेगळंच होतं. तो शिफ्ट सुटली की निळ्या गणवेशात थेट यायचा. कंपनीचा आंबूस वास त्याच्या आधी जिन्यावरून वर यायचा. पहिल्या दिवशी आईसारखाच घाबरलेला होता. पण त्याने नळी पाहिली, नळकांडं पाहिलं, मी ते हातात धरून हळूहळू वर करते तसं दूध खाली सरकतं हे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखा भाव आला.

"सिस्टर, हे ग्रॅव्हिटी फीड," तो म्हणाला. "पंप नाय."

"नाही."

"शेवटाला लाइन फ्लश करता का? दूध सुकून चोक होईल."

"करतो. पाणी घालून."

त्याने मान डोलावली. त्यानंतर रोज तो आला की माझ्याकडून चार्ज घ्यायचा. अगदी कंपनीत घेतात तसा, उभं राहून, हात मागे बांधून. "लाइन क्लिअर? मागच्या शिफ्टला काय प्रॉब्लेम?" मीही सांगायची, "लाइन क्लिअर. पोट मऊ. मागचं दूध पचलंय." हे सिरिंजने ओढून बघता येतं. मागचं दूध पोटात तसंच राहिलं असेल तर पुढचं देत नाहीत. जनार्दनला ही तपासणी इतकी आवडली की तो आल्या आल्या सिरिंज कुठे आहे ते बघायचा.

गावाकडून माणसं बघायला आली, ट्रकभर. त्यांना दारातून नळी दिसली आणि एका आत्याबाईने पदर तोंडाला लावून तिथेच सूर धरला. हिराबाई उठली. "ए गो, रडाचं आसंल तर खाली जा. पोरगी जेवतंय."

"जेवतंय?" आत्याबाई रडायची थांबली. "काय जेवतंय?"

"मांदेली," हिराबाई म्हणाली, आणि परत कानाशी वाकली.

दिवस असे चालले होते, पण रेश्मा डोळे उघडत नव्हती. ताप उतरत होता, औषध लागू पडत होतं. मी रोज तिच्या तळपायाला चिमटा काढायची. पाय किंचित हलायचा, एवढंच. डॉक्टर दूध थोडंथोडं वाढवत होते, त्यात साखर आणि चमचाभर तेल घालत होते. जनार्दनला मात्र ते वाढणं फारच हळू वाटायला लागलं. त्याला आम्ही तोवर नळकांडं धरायची परवानगी दिली होती, कारण त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता.

एका दुपारी मी शेजारच्या खाटेवर इंजेक्शन देत होते. जनार्दन दूध देत होता. त्याने काय केलं, तर हात एकदम उंच नेला. उंची वाढवली की जोर वाढतो हे त्याला कंपनीने शिकवलेलं. सगळं दूध एका घोटात खाली गेलं. मी वळले तेव्हा रेश्माच्या तोंडातून दूध बाहेर येत होतं आणि ओठ निळे पडत चालले होते.

मी तिला कुशीवर वळवलं, डोकं खाली केलं, सक्शनची नळी तोंडात घातली. मशीन जुनं, सुरू व्हायच्या आधी खाकरायचं. त्या खाकरण्याएवढा लांब वेळ मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. डॉक्टर जिन्यावरून दोनदोन पायऱ्या चढत आले. ऑक्सिजन लावला. पोरीने एक मोठा श्वास घेतला, खोकली, आणि ओठांचा रंग परत आला. डॉक्टरांनी तिची छाती पुढून मागून ऐकली, थोड्या वेळाने पुन्हा ऐकली. दूध छातीत गेलं नव्हतं.

"डॉक्टर," मी म्हणाले, "आता सलाईनवरच ठेवू या. पुरे झालं."

"नाही," ते म्हणाले. "पुढची वेळ चुकवू. त्याच्या पुढच्या वेळेला निम्मं, आणि हळू."

जनार्दन बाहेर बाकावर जाऊन बसला होता. मी गेले तेव्हा तो जमिनीकडे बघत बोलला, "रिअ‍ॅक्टरमध्ये सगळा माल एकदम ओतला तर तो उकळून वर येतो. नव्या पोरांना मीच शिकवतो, सिस्टर. हळू सोडा, टेंपरेचर बघा. अन् घरच्या पोरीला मी काय केलं?"

हिराबाई दारात येऊन उभी होती. मला वाटलं आता याची खैर नाही. ती म्हणाली, "तुजे बापाला पन भरवताना घाई व्हायची. तुला दोनदा ठसका लागून डोले पांढरे झाल्ते. उठ, तोंड धू."

पुढच्या दुधाला तो खाटेजवळ येईना. डॉक्टरांनी त्यालाच बोलावलं. "नळकांडं तुम्हीच धरायचं," ते म्हणाले. "मुलीच्या छातीच्या वर फक्त एक वीत. मी इथे उभा आहे." जनार्दनने ते दोन्ही हातांनी असं धरलं, जसा कोणी भरलेला दिवा धरतो. हिराबाईने कानाशी वाकून सांगितलं, "आज नुसती पेज हाय बाय. बापाचे हातची हाय, बेतानं खा."

त्या वेळी शेजारच्या खाटेवर डोंगराकडल्या एका आदिवासी वाडीवरचं मूल आलं होतं, वर्षभराचं, न्यूमोनियाने धापा टाकणारं आणि आधीच हाडं निघालेलं. त्याची आई नळी घालू देईना. आम्ही सांगून दमलो. हिराबाई तिला हात धरून रेश्माच्या खाटेजवळ घेऊन आली, तिच्या कानात स्टेथोस्कोप घातला आणि गुडगूड ऐकवली. मग ती बाई कबूल झाली. तिच्या मुलाला आम्ही अगदी घोटघोट दूध दिलं. इतक्या वाळलेल्या मुलाला भराभर दिलेलंही बाधतं. ते पोर काही दिवस जगलं, पण वाचलं नाही. फार उशिरा आलं होतं. जाताना त्याची आई मला म्हणाली, "बाई, उपाशी नाय गेला." तिला याचंच समाधान होतं. नळीने पोर जगतंच असं मी कधी कोणाला सांगितलं नाही. जंतू औषधाने मरतात. नळी फक्त पोराला लढाईभर उपाशी ठेवत नाही.

रेश्मा मात्र एका सकाळी जागी झाली. डॉक्टर आणि जनार्दन खाटेच्या पायथ्याशी दुधाचा वेग किती वाढवावा यावर गंभीर चर्चा करत होते. दोघेही एकमेकांचे शब्द वापरत होते. डॉक्टर म्हणत होते, "फ्लो थोडा वाढवायला हरकत नाही," आणि जनार्दन म्हणत होता, "पन पोट मऊ हाय का बघा आधी." तेवढ्यात रेश्माने हात उचलला, नाकाला चिकटलेली पट्टी चाचपली आणि सगळी नळी एका हिसक्यात उपसून काढली. डॉक्टर तिच्यावर वाकले. तिने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि बारीक, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मेल्या, माजे नाकात काय घातलंस?"

शब्द कोणाचे होते हे सांगायची गरज नव्हती. हिराबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि आली तेव्हापासून पहिल्यांदा रडली. डॉक्टर मात्र त्या मेल्या शब्दावर इतके खूश झाले की दिवसभर येईल त्याला सांगत होते. वाक्य पूर्ण आहे, व्याकरण बरोबर आहे, राग जागच्या जागी आहे, मेंदूला आणखी काय पाहिजे?

पण घरी सोडायच्या आधी त्यांनी तिची पुन्हा नीट तपासणी केली. मागे उभं राहून एका कानाशी चुटकी वाजवली, मग दुसऱ्या. उजवीकडे ती वळली. डावीकडे वळली नाही. पुन्हा वाजवली. वळली नाही. मेंदूज्वर जाताना कधीकधी असं काहीतरी घेऊन जातो. डॉक्टरांनी जनार्दनला खुर्चीत बसवून सांगितलं, की डावा कान बहुधा परत येणार नाही. उजवा चांगला आहे. बोलणं, शाळा, सगळं होईल. एरवी इतके प्रश्न विचारणारा जनार्दन नुसतं, "एक लाइन चालू हाय ना?" म्हणाला आणि रुमालाने चष्मा पुसत राहिला.

त्या दिवशी रेश्माची आई बाळाला घेऊन न्यायला आली होती. सगळे खाली उतरले. मी वरच्या खिडकीतून बघत होते. जनार्दन रिक्षा बघायला पुढे गेला, त्याच्या मागे बाळंतीण, आणि शेवटी हिराबाई आणि रेश्मा. हिराबाईने नेहमीप्रमाणे तिचा डावा हात धरला होता आणि चालता चालता तिला काहीतरी सांगत होती, घरच्या कोंबडीने किती पिल्लं काढली असं काहीसं. पोरगी समोर बघत चालली होती, काहीच बोलत नव्हती. हिराबाई थांबली. क्षणभर तिने नातीकडे पाहिलं. मग हात सोडला, तिच्या मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली, उजवा हात धरला, आणि पिल्लांची गोष्ट पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.